बाबांची गाणी आणि एका शब्दाचा प्रवास

१९८७ सालचा नोव्हेंबर महिना. अमेरिकेतल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक नवा अल्बम आला. मुखपृष्ठावर मेक्सिकन वेशातली एक बाई. गायिकेचं नाव लिंडा रॉनस्टॅट. हे नाव त्या देशात घराघरात माहीत होतं, पण ते रॉक संगीतातलं नाव होतं. अल्बममधलं एकही गाणं मात्र रॉक नव्हतं आणि एकही इंग्रजी नव्हतं. तेरा गाणी, सगळी स्पॅनिश भाषेतली, मेक्सिकोच्या मारिआची वाद्यवृंदाच्या साथीनं गायलेली. अल्बमचं नाव 'काँसिओनेस दे मी पाद्रे', म्हणजे 'माझ्या वडिलांची गाणी'.

श्रोतेहो, आज मला या अल्बमविषयी बोलायचं आहे, पण केवळ संगीताविषयी नाही. बापाकडून आलेल्या गाण्यांना काय म्हणायचं, कुठल्या नावानं हाक मारायची, असा एक साधा वाटणारा प्रश्न या अल्बमच्या मागे उभा आहे. तो एका घराण्यात तीन पिढ्या चालत आला. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी लिंडाच्या गावी जायला हवं.

गावाचं नाव टूसॉन. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं हे वाळवंटी शहर. १७७५ साली स्पेनच्या राजाच्या नावानं इथे लष्करी ठाणं वसलं. गंमत अशी की, स्पेनच्या वतीनं ही जागा मुक्रर करणारा अधिकारी ह्यूगो ओकॉनर हा जन्मानं आयरिश होता. १८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला आणि टूसॉन मेक्सिकोचं झालं. पुढे १८४८ सालच्या युद्धतहात मेक्सिकोनं आपला फार मोठा मुलूख अमेरिकेला गमावला. टूसॉन मात्र तेव्हाही मेक्सिकोतच राहिलं. मग १८५३ साली अमेरिकेनं दक्षिणेची आणखी एक पट्टी विकत घेण्याचा करार केला, किंमत ठरली एक कोटी डॉलर. त्या सौद्यात टूसॉन अमेरिकेत गेलं. माणसं जागची हलली नाहीत, चुली त्याच राहिल्या, फक्त सरहद्द त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली. त्या भागातली मेक्सिकन माणसं आजही म्हणतात की, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनंच आम्हाला ओलांडलं.

रॉनस्टॅट घराण्यानं मात्र सीमा खरोखरच ओलांडली होती, आणि तीही एकदा नव्हे. आडनाव ऐकूनच आपल्या लक्षात येईल की, ते मेक्सिकन नाही. लिंडाचे पणजोबा फ्रीडरिश आउगुस्ट रॉनस्टॅट हे जर्मनीतल्या हॅनोव्हरकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते मेक्सिकोत आले, मेक्सिकोच्या सैन्यात त्यांनी चाकरी केली आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून सोनोरा प्रांतात स्थायिक झाले. त्यांचा मुलगा फेदेरिको १८६८ साली सोनोरात जन्मला. चौदा वर्षांचा असताना, १८८२ साली, तो गाड्या बांधण्याचं काम शिकायला सरहद्दीपलीकडे टूसॉनला आला. दोनच वर्षांपूर्वी तिथे रेल्वे पोचली होती आणि गावाला नवे धंदे फुटत होते. फेदेरिकोनं घोडागाड्या आणि बैलगाड्या बांधण्याचा कारखाना काढला. पुढे त्याचंच मोठं हार्डवेअरचं दुकान झालं.

पण हे फेदेरिको आजोबा केवळ लोखंड-लाकडात रमणारे नव्हते. त्यांनी गावातल्या मेक्सिकन हौशी वादकांना जमवून 'क्लूब फिलार्मोनिको तूसोनेन्से' नावाचा बँड उभा केला. दिवसा चाकाच्या धावा बसवायच्या आणि संध्याकाळी वाद्यं घेऊन बसायचं, असा हा माणूस. सोनोरातून येताना त्यांनी सामान फारसं आणलं नसेल, गाणी मात्र पुष्कळ आणली होती. ती गाणी घरात मुरली.

या घरातली थोरली मुलगी लुइसा. जन्म १८९२. लिंडाच्या वडिलांची ही सावत्र बहीण, म्हणजे लिंडाची आत्या. लुइसाचा गळा चांगला, आणि जिद्द त्याहून मोठी. ती गाणं शिकली, स्पेनला गेली, तिथल्या प्रांतोप्रांतीची लोकगीतं आणि नाच तिनं गोळा केले आणि १९२०-३०च्या काळात अमेरिकाभर कार्यक्रम केले. प्रत्येक गाण्याला वेगळा पेहराव, वेगळा अभिनय. तिच्या कार्यक्रमात 'स्पेनची गीतचित्रं' सादर होत. १९३५ साली मार्लिन डीट्रिशची नायिका असलेल्या, स्पेनमध्ये घडणाऱ्या 'द डेव्हिल इज अ वुमन' या चित्रपटात तिनं छोटी भूमिकाही केली.

रंगमंचासाठी लुइसानं रॉनस्टॅट हे आडनाव बाजूला ठेवलं आणि 'लुइसा एस्पिनेल' हे नाव घेतलं. कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे नाव ऐकताच कान टवकारावेसे वाटतात. सोळाव्या-सतराव्या शतकात स्पेनमध्ये विसेन्ते एस्पिनेल नावाचा कवी आणि संगीतकार होऊन गेला. दहा ओळींचा एक रचनाबंध त्याच्या नावानं 'एस्पिनेला' म्हणून ओळखला जातो. हा बंध जहाजातून समुद्र ओलांडून गेला आणि मेक्सिकोच्या, क्यूबाच्या खेड्यापाड्यांतल्या गायकांनी आपला मानला. स्पेनमध्ये तो पुस्तकात राहिला असेल, पण अमेरिका खंडात तो लोकांच्या तोंडी रुजला.

१९४६ साली लुइसानं एक छोटी पुस्तिका तयार केली. तिच्या वडिलांना, म्हणजे फेदेरिकोंना, येत असलेली गाणी तिनं त्यांच्याकडून ऐकून उतरवून घेतली. ॲरिझोना विद्यापीठानं ती प्रसिद्ध केली. पुस्तिकेचं नाव होतं 'काँसिओनेस दे मी पाद्रे'. होय, तेच नाव. आणि त्याखाली उपशीर्षक, 'दक्षिण ॲरिझोनातली स्पॅनिश लोकगीतं'.

या 'स्पॅनिश' शब्दापाशी क्षणभर थांबू या. ज्या वडिलांकडून ही गाणी घेतली ते सोनोरात जन्मलेले. त्यांची गाणी त्या सरहद्दीवरच्या मेक्सिकन घरांतली. मग उपशीर्षकात मेक्सिको कुठे गेला?

याचं उत्तर लुइसाच्या स्वभावात नाही, तिच्या काळात आहे. त्या काळी अमेरिकेच्या नैर्ऋत्येला 'मेक्सिकन' हा शब्द शिवीसारखा वापरला जाई आणि 'स्पॅनिश' हा शब्द अत्तरासारखा. मेक्सिकन म्हणजे खाणीतला, शेतातला, रेल्वेच्या रुळांवरचा मजूर. स्पॅनिश म्हणजे पंखा हलवणारी सुंदरी, सज्ज्याखाली गिटार वाजवणारा खानदानी तरुण, जुन्या मिशनच्या कमानी. सांता बार्बरासारखी शहरं १९२४ पासून 'जुन्या स्पॅनिश दिवसांचे' उत्सव थाटात करू लागली होती, आणि त्याच शहरांत खऱ्याखुऱ्या मेक्सिकन माणसाला चांगल्या वस्तीत घर मिळणं मुश्किल होतं. कॅरी मॅकविल्यम्स या लेखकानं १९४०च्या दशकात मेक्सिकन अमेरिकनांचा इतिहास लिहिला, तेव्हा या प्रकाराला 'कल्पित वारसा' म्हटलं. मेलेल्या स्पॅनिशाला हार आणि जिवंत मेक्सिकनाला हाकलपट्टी, असा तो व्यवहार होता.

हाकलपट्टी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. १९३० सालच्या अमेरिकी जनगणनेत 'मेक्सिकन' हा स्वतंत्र वंश म्हणून नोंदला गेला. त्याच सुमाराला महामंदी आली, आणि मेक्सिकन कुटुंबांना आगगाड्यांत बसवून सरहद्दीपलीकडे धाडण्याचं सत्र सुरू झालं. किती माणसं गेली याचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांच्याही पुढे जातात. त्यांतली पुष्कळशी मुलं अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे कायद्यानं अमेरिकेची नागरिक होती. कॅलिफोर्निया राज्यानं याबद्दल अधिकृत माफी मागितली ती २००५ साली. अशा दिवसांत एखाद्या गायिकेनं सभागृहाच्या दारावर 'स्पॅनिश' अशी पाटी लावली, तर तिला आपण भेकड म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. तिनं गाणी वाचवली. शब्द मात्र तिला वाचवता आला नाही.

१९४६ हे साल आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रीय न्यायाधीशानं निकाल दिला की, मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा ठेवणं घटनेला धरून नाही. मेन्देस या शेतकरी कुटुंबानं इतर पालकांना घेऊन हा खटला लढवला होता. आणि त्याच वर्षी जुलैत टूसॉनमध्ये लिंडा रॉनस्टॅटचा जन्म झाला. आत्याची पुस्तिका आणि भाची, दोघी एकाच वयाच्या.

लिंडाचे वडील गिल्बर्ट यांनी आजोबांचं हार्डवेअरचं दुकान चालवलं. त्यांचा आवाज भारदस्त आणि गोड. संध्याकाळी घरात गिटार निघे, भावंडं भोवती बसत. टूसॉनचाच लालो गेरेरो, ज्याला पुढे चिकानो संगीताचा जनक म्हटलं गेलं, तो या घरचा स्नेही होता. आई रूथ मेरी मिशिगनकडची. तिचे वडील लॉइड कोपमन हे संशोधक, बर्फाचे तुकडे सहज सुटे व्हावेत म्हणून केलेला रबरी ट्रे ही त्यांचीच कल्पना. घरात रोजचा व्यवहार इंग्रजीत चाले आणि गाणं स्पॅनिशमध्ये. लिंडानं पुढे सांगितलं आहे की, लहानपणी तिची समजूतच अशी होती की, बोलायची भाषा इंग्रजी आणि गायची भाषा स्पॅनिश. तिला स्पॅनिश अस्खलित बोलता येत नसे. म्हणजे ही भाषा तिच्याकडे व्याकरणानं आली नाही, चालीवर स्वार होऊन आली.

तिच्यासारखी आणखीही मुलं होती. १९५८ साली सतरा वर्षांच्या एका पोरानं मेक्सिकोचं 'ला बाम्बा' हे लोकगीत रॉकच्या ठेक्यावर गाऊन देशाला नाचवलं. त्याचं नाव रिची व्हॅलन्स. खरं आडनाव व्हॅलेन्झुएला. रेकॉर्ड खपावी म्हणून ते छाटलं गेलं. त्यालाही स्पॅनिश नीट येत नसे, शब्द पाठ करून तो गायला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत विमान अपघातात तो गेला. लुइसानं जुनं आडनाव उतरवून स्पॅनिश आडनाव घातलं, रिचीनं स्पॅनिश आडनाव अर्धं कापलं. लिंडाला काहीच करावं लागलं नाही. तिच्या जर्मन आडनावामुळे ती मेक्सिकन आहे, हे कोणाच्या ध्यानातच येत नसे. तिच्यापुढे सोपी वाट उघडी होती. गप्प राहिली असती, तरी तिला कोणी विचारलं नसतं.

आणि ती वाट किती लाभाची होती! १९६७ साली 'स्टोन पोनीज' या गटाबरोबर तिचं पहिलं मोठं गाणं गाजलं. १९७१ साली तिच्या साथीला जे वादक होते, त्यांच्यातूनच 'ईगल्स' हा जगप्रसिद्ध गट जन्मला. १९७४चा तिचा 'हार्ट लाइक अ व्हील' हा अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. १९७७ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ती झळकली. मोठमोठी मैदानं भरवणारी ती रॉकची राणी होती. पण तेव्हाही घरची गाणी आतून टकटक करत होतीच. १९७६च्या अल्बममध्ये तिनं वडिलांच्या साथीनं रचलेलं एक गाणं घातलं, त्यात स्पॅनिश ओळी होत्या. पुढे तिनं ऑपेरेटा केला, नेल्सन रिडलबरोबर जुन्या जमान्यातली गाणी केली. मग तिनं वडिलांच्या गाण्यांचा विषय काढला.

कंपनीत फारसा उत्साह नव्हता. इंग्रजी श्रोत्यांना हे कळणार नाही आणि मेक्सिकन श्रोते तिला आपली मानणार नाहीत, अशी भीती रास्त होती. खरा कस मात्र गळ्याचा होता. मेक्सिकोचं रांचेरा गाणं ऐकायला सोपं वाटतं, गायला नाही. त्यात सूर लांबवर धरून ठेवावा लागतो. वापांगो प्रकारात तर छातीच्या आवाजातून एकदम वरच्या बारीक आवाजात उडी घ्यायची आणि मधला सांधा दाखवायचा, लपवायचा नाही. लोला बेल्त्रान ही तिची आदर्श गायिका. चाळिशीच्या उंबरठ्यावर, शिखरावर असताना, लिंडा पुन्हा विद्यार्थिनी झाली.

साथीला तिनं हौशी वादक घेतले नाहीत. मारिआची वार्गास दे तेकालित्लान हा हालिस्को प्रांतातून आलेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला मातब्बर वाद्यवृंद. १९४४ पासून त्याच्याशी जोडलेले रुबेन फुएन्तेस यांनी पीटर अॅशर यांच्याबरोबर अल्बमची जबाबदारी घेतली. व्हायोलिन, तुताऱ्या, पोटुशी विउएला, भलामोठा गितारोन, असा सगळा सरंजाम. गाणी प्रेमाची, विरहाची, पाखरांची. पण त्यांत एक 'कोरिदो', म्हणजे आपल्या पोवाड्यासारखं कथागीत, सोनोरातल्या कानानेआ गावाचं आहे. याच कानानेआच्या तांब्याच्या खाणीत १९०६ साली मजुरांनी संप केला होता. अमेरिकी मालकाच्या खाणीत अमेरिकी कामगारापेक्षा मेक्सिकन कामगाराला कमी मजुरी का, हा त्यांचा सवाल होता. पुढच्या मेक्सिकन क्रांतीच्या खुणा या संपात शोधल्या जातात. आजोबांच्या प्रांतातलं हे तुरुंगाचं गाणं, पंखा आणि सज्जा असलेल्या 'जुन्या स्पॅनिश दिवसां'त बसणारं नव्हतं.

अल्बम आला तो काळही अनुकूल नव्हता. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोठ्या बहुमतानं इंग्रजी हीच राज्याची अधिकृत भाषा असा कौल दिला होता. १९८८ साली लिंडाच्या ॲरिझोनानंही तसाच कौल दिला. म्हणजे एका बाजूला मतपेटी सांगत होती की, ही भाषा इथली नव्हे. दुसऱ्या बाजूला त्याच देशातली माणसं दुकानात जाऊन त्या भाषेतली गाणी विकत घेत होती. अल्बमच्या वीस लाखांहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या. तिथे सर्वाधिक खपलेला इंग्रजीतर अल्बम म्हणून तो ओळखला जातो. १९८९ साली त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच्या रंगमंचीय प्रयोगांना आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एकत्र येत. रॉकच्या मैफलीला असा श्रोता तिला कधी मिळाला नव्हता.

आणि या सगळ्यात तिनं शब्द दुरुस्त केला. नाव तिनं आत्याचंच ठेवलं, पण ही गाणी मेक्सिकन आहेत आणि मी मेक्सिकन घराण्यातली आहे, हे तिनं ठिकठिकाणी सांगितलं. एका पिढीनं जे झाकून जपलं, ते दुसऱ्या पिढीनं उघडून मांडलं.

मग स्पेनचं काय? स्पेनचा वारसा खोटा होता का? मुळीच नाही. भाषा स्पेनची आहे. विउएला हे नावच सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश वाद्याचं आहे. व्हायोलिन, वीणेसारखी हार्प, कडव्यांचे बंध, सगळं समुद्रावरून आलं. खोटा होता तो फक्त शुद्धतेचा दावा. कारण स्पेन तरी कुठे एकधागी होता? ७११ ते १४९२ अशी जवळजवळ आठ शतकं त्या भूमीवर अरबी बोलली गेली, गायली गेली. स्पॅनिशमध्ये एक सुंदर शब्द आहे, 'ओहाला'. 'असं झालं तर किती बरं' या अर्थानं तो येतो. कितीतरी मेक्सिकन प्रेमगीतांत तो सापडतो. हा शब्द मुळात अरबी आहे, त्यात अल्लाहचं नाव दडलेलं आहे. सोनोराच्या वाळवंटातली ख्रिस्ती आजी नातीसाठी 'ओहाला' म्हणते, तेव्हा आपल्या ओठांवर कुणाची दुआ आहे, हे तिला ठाऊकही नसतं. त्यात मेक्सिकोच्या मूळच्या रहिवाशांचं आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन माणसांचं संगीत मिसळलं, तेव्हा कुठे हे गाणं तयार झालं. 'स्पॅनिश' हा त्या गोधडीतला एक तुकडा आहे. एका तुकड्याचं नाव अख्ख्या गोधडीला दिलं की बाकीचे तुकडे शिवणाऱ्या हातांचा अपमान होतो.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९९१ साली 'मास काँसिओनेस', म्हणजे 'आणखी गाणी', हा दुसरा अल्बम आला. त्यात लिंडाचे भाऊही गायले. १९९५ साली वडील गेले. २०१० साली ॲरिझोनानं स्थलांतरितांविरुद्ध कडक कायदा केला, तेव्हा तिनं उघड विरोध केला. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं केलेल्या आणखी एका कायद्यानं टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन इतिहासाचा अभ्यासक्रम बंद पडला. २०१७ साली न्यायालयानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली. दरम्यान लिंडाचा आवाज तिला सोडून चालला होता. २००९ साली तिची शेवटची मैफल झाली. २०१३ साली तिनं आजार जाहीर केला. आधी तो पार्किन्सन्स समजला गेला, नंतर त्याच जातीचा दुसरा असाध्य मेंदूविकार असल्याचं निदान झालं. जिनं सूर लांबवर धरायला शिकून घेतलं होतं, तिला आता गाता येत नाही.

२०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, देशाचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत 'काँसिओनेस दे मी पाद्रे'चा समावेश केला. त्याच वर्षी टूसॉनच्या संगीतसभागृहाला लिंडा रॉनस्टॅटचं नाव देण्यात आलं. ज्या राज्यानं एकदा इंग्रजीच्याच बाजूनं कौल दिला, त्या राज्यातलं हे सभागृह आज सोनोराहून आलेल्या गाडीवाल्याच्या नातीच्या नावानं ओळखलं जातं.

तर, एकाच नावाच्या या दोन वस्तू. १९४६ची एक पातळ पुस्तिका आणि १९८७चा एक अल्बम. मधे एक्केचाळीस वर्षं. दोन्हींत बाप आहे, दोन्हींत गाणी आहेत. पुस्तिकेत स्वतःचं खरं नाव सांगायला बिचकणारं प्रेम आहे, अल्बममध्ये ते नाव खड्या आवाजात सांगणारं प्रेम आहे. दुसरं पहिल्याच्या खांद्यावर उभं आहे. आत्यानं कागदावर उतरवून ठेवलं नसतं, तर भाचीला नाव तरी कुठून मिळालं असतं?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)